परदेशी पेटंट अर्ज : भाषांतर, कायदेशीर तपासणी आणि गोपनीयता

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तळोजा या पट्ट्यातील ज्या उद्योजकांना आपल्या शोधाचे पेटंट परदेशातही मिळवायचे आहे, त्यांच्यासाठी आमच्या ठाणे कार्यालयाने हे पत्रक काढले आहे. भारतातील पेटंट भारतापुरतेच असते, त्यामुळे माल जिथे विकायचा किंवा बनवून घ्यायचा आहे तिथे वेगळा अर्ज करावा लागतो.

भारतात पहिला अर्ज दाखल झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत पॅरिस करारान्वये (पेटंटसारख्या औद्योगिक हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) परदेशात थेट अर्ज करता येतो. याच मुदतीत पीसीटीखाली (पेटंट सहकार्य करार, ज्यात एकाच अर्जाने अनेक देशांसाठी सुरुवात होते) आंतरराष्ट्रीय अर्ज केल्यास अमेरिका, जपान आणि चीनसाठी पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३० महिने, तर युरोपीय पेटंट कार्यालयासाठी ३१ महिने तिथे अर्ज पुढे नेण्यासाठी मिळतात. मात्र भारतात राहणाऱ्याला पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३९ नुसार आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते आणि त्या अर्जावर गुप्ततेचा आदेश नसावा लागतो. हे कलम मोडल्यास भारतातील अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते, शिवाय कारावासाचीही तरतूद आहे. म्हणून परवानगीची खात्री झाल्याशिवाय आम्ही परदेशी काम हाती घेत नाही.

सर्वाधिक काळजी भाषांतरात घ्यावी लागते. पंपाच्या आकृतीत १४ क्रमांकाने दाखवलेल्या भागाला वर्णनात ‘झडप’ आणि दाव्यांत (नेमके कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या भागात) ‘नियंत्रक’ म्हटले, तर परीक्षक ते दोन निराळे भाग समजून हरकत घेऊ शकतो. चीनमध्ये पॅरिस करारान्वये थेट अर्ज केला असेल, तर दाखल झालेला चिनी मजकूरच आधार धरला जातो, आणि त्यातून जे गळले ते भारतीय अर्जावरून पुन्हा घालण्याची सोय मर्यादितच आहे. यासाठी भाषांतरकाराला आम्ही आकृत्यांसह संज्ञांची यादी देतो, दुसऱ्या जाणकाराकडून प्रत्येक दावा मुळाशी ताडून घेतो आणि मग त्या देशातील पेटंट वकिलाकडून कायदेशीर तपासणी करवतो. या तपासणीत दावे आटोपशीर करण्याची सूचना आली, तर निर्णय तुम्हीच घ्यायचा असतो. आम्ही तिचे परिणाम मराठीत समजावून सांगतो. घाईत ही साखळी तुटते, म्हणून मुदतीच्या किमान तीन महिने आधी कागद आमच्याकडे यावेत, असा आमचा आग्रह आहे.

अर्ज दाखल होण्यापूर्वी शोध उघड झाला, तर नावीन्यच धोक्यात येते. काही देश अशा प्रसंगी मर्यादित सवलत देतात, पण युरोपात ती जवळजवळ नाहीच. त्यामुळे प्रदर्शनात नमुना मांडण्यापूर्वी, किंवा सुटे भाग करून देणाऱ्याला आराखडा पाठवण्यापूर्वी, आम्हाला विचारावे ही कळकळीची विनंती. पहिल्या तांत्रिक बोलण्याआधी आम्ही गोपनीयता करार करतो, आणि भाषांतरकारही त्याने बांधील असतो. कागदपत्रे संकेतशब्द लावलेल्या फाइलमध्येच पाठवावीत आणि संकेतशब्द फोनवर सांगावा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आराखडे टाकू नयेत.

पहिल्या भेटीला येताना भारतीय अर्जाची प्रत, आकृत्या, शोध आजवर कोणाकोणाला दाखवला त्याची तारखांसह नोंद आणि ज्या देशांत विक्रीचा विचार आहे त्यांची नावे सोबत आणावीत.