मोटर हवा घ्यायली की!

मे महिन्यातली दुपार. शहागडच्या अलीकडे एका लिंबाखाली गाडी लावली. आमची गाडी म्हणजे जुन्या ट्रॅव्हलरमध्ये थाटलेलं घर. दोन बाकं, छोटा ओटा, सिंक, बाकाखाली 100 लिटरची टाकी आणि तिच्याशेजारी 12 व्होल्टचा पंप. हात धुवायला नळ उघडला तर पंप जोरात घरघरला, तोटीने फुस्स करून चार थेंब टाकले आणि संपलं. टाकी तर निम्मी भरलेली.

सावलीला टेकलेले एक शेतकरी काका उठून दाराशी आले. घटकाभर कान देऊन म्हणाले, "हवा घ्यायली की ओ तुमची मोटर. पाणी न्हाई, हवा ओढायली."

त्यांनी पंपाकडे बघितलंही नव्हतं. पण विहिरीवरची मोटर ज्याने उमरभर चालवली, त्याला आवाज पुरतो. पाण्याचं ओझं असलं की पंप दमात, जड आवाजात चालतो. हवा हलकी आणि दबणारी, त्यामुळे ओझं नसलेला पंप मोकाट पळतो आणि आवाज चढतो.

आपण म्हणतो पंप पाणी "ओढतो". खरं तर तो आपल्या पोटातला दाब कमी करतो, इतकंच. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला ही हवा पाणी फार तर 10.3 मीटर चढवू शकते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटर उंच, म्हणून तिथे हा आकडा साडेनऊ मीटरच्या थोडाच वर जातो, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटर मिळाले तरी नशीब. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की शेतकरी काठावरची मोटर विहिरीत खाली का उतरवतो, त्याचं उत्तर हेच.

गाडीत टाकी आणि पंपात अर्ध्या मीटरचाही फरक नसतो. तिथे घात करते ती फट. आणि इथेच आमच्यासारखे शहरी लोक फसतात, कारण आपण गळणारं पाणी शोधत बसतो. टाकी आणि पंप यांच्यामधल्या पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तिथल्या फटीतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत शिरते. सगळं कोरडं ठाक दिसतं! पंपाच्या पुढे मात्र दाब जास्त, तिथली फट थेंब गाळून स्वतःच चुगली करते.

काकांनी विचारलं, "चिकन माती हाय का जवळ?" माती नव्हती, पोळ्यांसाठी मळलेली कणीक होती. त्यांनी तिची वळकटी करून पंपाआधीच्या गाळणीच्या झाकणाभोवती बोटाने दाबत नेली. अर्धा वेढा झाला असेल-नसेल, तोच पंपाचा आवाज खाली उतरला आणि सिंकमध्ये पाण्याची धार पडली. झाकण उघडलं तर आतली रबरी रिंग उन्हाने वाळून कडक झालेली, एका जागी केसाएवढी चीर. जालन्याला नवी रिंग मिळेपर्यंत कणकेनेच काम भागवलं.

रिंग बदलल्यावरही एक तोटी अडखळत होती. तिचा पाइप चाकाच्या कमानीवरून चढून पलीकडे उतरतो, आणि हवा हलकी म्हणून नेमकी त्या उंचवट्यावर अडकून बसते. तोटी पूर्ण उघडी ठेवून दोन मिनिटं पाणी सोडलं, तेव्हा ती बाहेर पडली. मलिक अंबरने छत्रपती संभाजीनगरला पाणी आणायला बांधलेल्या जुन्या नहरीवर काम करणाऱ्यांनाही हा त्रास माहीत होता. बंद नळांत कोंडणारी हवा सोडायला त्यांनी वाटेवर उंच मनोरे बांधले. तिथल्या पाणचक्कीला जाऊन नुसती पडणारी धार बघून परतू नका, शहरातले असे मनोरेही शोधा.

आता उलटा आजार. रात्री सगळे नळ बंद, तरी पंप मधूनच "टर्र" करून गप्प होतो. अशा पंपात दाबावर चालणारा खटका असतो. पुढच्या पाइपात दाब भरला, बऱ्याच पंपांत तीनेक बार, की तो पंप थांबवतो, दाब उतरला की पुन्हा चालू करतो. म्हणजे दाब कुठेतरी निसटतोय. पंपाच्या लगेच पुढचा कॉक बंद करून बघा. तरीही टर्र झालं, तर पंपातली झडप पाणी मागे टाकीत सोडतेय. गप्प बसला, तर गळती पुढे आहे, टॉर्च घेऊन वाका. सेकंदाला एकच थेंब म्हणून सोडून देऊ नका. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला सव्वाचार लिटर होतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढं पाणी पाहुण्यालाही मोजून देतात.

धार आधी चांगली आणि मग बारीक होत गेली, तर टाकीचं झाकण सैल करा. "स्स" आवाज आला की समजा, टाकीला श्वास घेता येत नाहीये. पाणी गेलं त्या जागी हवा यायला एक बारीक नळी असते. आमच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं.

आणि एकाच तोटीची धार बारीक असेल तर पंपाला हातही लावू नका, तोंडाची जाळी काढा. काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापला की कर्ब वायू सोडतो आणि न विरघळणारा पांढरा कार्बोनेट मागे उरतो. म्हणून गिझरची तोटी बहुधा आधी तुंबते. आमची जाळी वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून बुडवली. लगेच बुडबुडे सुटले, तोही कर्ब वायूच. अर्ध्या तासाने जाळीची भोकं मोजता येत होती.