बालविकास व सामाजिक पार्श्वभूमी : नाशिक जिल्हा

गर्भावस्थेपासून किशोरवयापर्यंत मुलाचे शरीर, भाषा, बुद्धी, भावना आणि इतरांशी वागण्याची जाण यांची जी क्रमाने घडण होते तिला बालविकास म्हणतात. वाढ आणि विकास हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु वाढ वजनकाट्यावर व उंचीच्या पट्टीवर मोजता येते, तर विकास मुलाजवळ बसून पाहावा लागतो. दीड वर्षांचे मूल हवी ती वस्तू बोट दाखवून मागते का, हाकेला वळते का, अनोळखी माणूस दिसताच आईला बिलगते का, हे विकासाचे प्रश्न आहेत. या घडणीत आनुवंशिकतेचा वाटा असतोच, पण आईचे आरोग्य, घरचे उत्पन्न, पिण्याचे पाणी, जातजमात, पालकांच्या कामाचे स्वरूप आणि दवाखान्याचे अंतर यांचाही वाटा मोठा असतो. घाटमाथ्यावरील पाडे, गोदाकाठची बागायत, यंत्रमागांचे शहर आणि औद्योगिक वसाहती एकाच जिल्ह्यात असल्यामुळे नाशिकमध्ये हे सर्व घटक शेजारीशेजारी पाहता येतात.

गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस सर्वांत निर्णायक मानले जातात. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. या काळात लोह, आयोडीन व प्रथिने कमी पडली किंवा जुलाब वारंवार झाले, तर पुढच्या वयात आहार सुधारूनही झीज पूर्ण भरून निघत नाही. जन्मवेळी अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बालकाला संसर्गाचा धोका अधिक असतो. त्याचे परिणाम प्रौढपणापर्यंत कसे पोहोचतात, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात दिसून आले : तेथील नवजात बालके वजनाने कमी, स्नायूंनी कृश, पण शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र टिकवून असलेली होती, आणि अशा घडणीचा पुढील मधुमेहाशी संबंध असल्याचे त्यातून पुढे आले. आईच्या ताटात काय पडते आणि सातव्या-आठव्या महिन्यातही तिला किती राबावे लागते, हे प्रश्न म्हणूनच बालविकासाच्या पोटातलेच आहेत.

जिल्ह्यात १५ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६१,०७,१८७ आहे. तीत सुमारे एक चतुर्थांश वाटा अनुसूचित जमातींचा आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल व कातकरी या त्यांतील प्रमुख जमाती असून सुरगाणा व पेठ हे तालुके जवळजवळ पूर्णपणे आदिवासी आहेत. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून तो वाहून जातो आणि मार्च उजाडला की त्याच पाड्यांवर विहिरींचा तळ दिसू लागतो. उन्हाळ्यात हंडा-दोन हंडे पाण्यासाठी बाईला डोंगर उतरावा लागतो. त्या फेऱ्यांत अंगावर पिणारे मूल भुकेले राहते, सहा महिन्यांनंतर द्यावयाचा वरचा आहार दिवसातून एक-दोनदाच भरवला जातो आणि ते भरवणारी अनेकदा सात-आठ वर्षांची बहीण असते. नागली, वरई, भात व उडीद ही येथील पारंपरिक पिके. नागलीत कॅल्शियम भरपूर असते आणि नागलीची पेज हा लहान मुलांसाठी चांगला आहार आहे. परंतु भरड धान्याचे क्षेत्र घटत गेल्याने आणि शिधावाटप दुकानातून मिळणारे धान्य मुख्यत्वे तांदूळ व गहू असल्याने ताटात पोट भरणारे अन्न वाढले आणि पोषण करणारे अन्न कमी झाले. आरोग्यसेवेचे अंतर हाही या पट्ट्यातील ठळक घटक आहे. गुजरात सीमेवरील काही गावांना उपचारासाठी गुजरातमधील धरमपूर किंवा वांसदा जवळ पडते, आणि २०२२ च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातील सीमावर्ती ग्रामस्थांनी गुजरातमध्ये समावेशाची मागणी केली, तेव्हा रस्ते व दवाखाने यांचा अभाव हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी होते.

नाशिकच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा घटक स्थलांतराचा आहे, आणि तोच तक्त्यांत सर्वांत कमी उमटतो. भात-नागलीची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की सुरगाणा-पेठ भागातील कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी व निफाडकडे टोळ्यांनी उतरतात. ऑक्टोबर छाटणीनंतरची विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) आणि जानेवारी ते एप्रिलमधली काढणी ही कामे बोटांच्या चपळाईची असल्याने बायकांच्या हातांना मागणी असते. होळीला गावी जाऊन पुन्हा बागेत परतणारेही पुष्कळ असतात. काही कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा ऊसतोडीला जातात. मुक्काम बागेच्या कडेला झोपडीत असतो, तान्हे मूल झोळीत आणि चालते मूल वेलींच्या ओळींत असते. औषध फवारलेल्या बागेतच ते दिवसभर वावरते. मजुरीमुळे घरात रोख पैसा येतो, तेलमीठ व कपडे येतात, म्हणून स्थलांतराला नुसते संकट म्हणणे एकांगी ठरेल. अडचण अशी की मुलासाठी असलेली प्रत्येक सोय गावाच्या नावाशी बांधलेली आहे. त्याचे नाव ज्या अंगणवाडीच्या नोंदवहीत आहे ती पन्नास-साठ किलोमीटर मागे राहते. घरपोच आहाराची पाकिटे तेथे येतात, वजन तेथे होते, लसीकरणाचा दिवस तेथे ठरतो. बागेजवळच्या गावातील अंगणवाडीने अशा मुलांना सामावून घ्यावे असा नियम आहे, परंतु आज या बागेत आणि आठवड्याने त्या बागेत असलेल्या मुलाला शोधणार कोण? शाळकरी मुलांसाठी शिक्षण विभागाने शिक्षण हमी पत्रकाची व्यवस्था केली, जेणेकरून मूल जेथे जाईल तेथील शाळेत बसू शकेल. मात्र ज्या घरात धाकट्याला सांभाळायला दुसरे कोणी नाही, तेथे थोरल्या मुलीच्या हातातले पत्रक तिला शाळेपर्यंत नेत नाही. तुलनेसाठी पाहावे, तर २०१७ च्या सुधारणेनंतर कारखान्यात नियमित नोकरी करणाऱ्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. त्याच जिल्ह्यात रोजंदारीवर बाग विरळणारी बाई बाळंतपणानंतर किती दिवसांनी कामावर परतते, हे घरातल्या उसनवारीवर ठरते.

शहरी भागांतील चित्र निराळे आहे. मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट आणि धूळ दाट वस्तीतल्या घरांच्या भिंतीला भिंत लावून असतात, आणि २०२२ मधील गोवराच्या उद्रेकाने तेथील लसीकरणातील पोकळी उघड केली. सिन्नरला विड्या वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आले असून तंबाखूने भरलेले सूप आणि रांगणारे मूल एकाच खोलीत असणे तेथे नवे नाही. नाशिक शहरात सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत दवाखाना जवळ असतो. अडचण खोलीच्या आकाराची, पाळणाघराची आणि दोन्ही पालकांच्या पाळ्यांची असते.

कुपोषण मोजण्यासाठी वयानुसार उंची, उंचीनुसार वजन आणि वयानुसार वजन हे तीन निकष वापरतात. वयाच्या मानाने कमी उंची, म्हणजे खुजेपणा, दीर्घकाळच्या उपासमारीची व आजारपणाची खूण आहे. उंचीच्या मानाने कमी वजन ही अलीकडच्या झिजेची खूण आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित मानले जाते. अंगणवाडी सेविकांच्या बोलण्यात अशी मुले ‘सॅम’ आणि त्याहून जरा बरी ‘मॅम’ असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी आढळली, म्हणजे देशाच्या ३५.५ टक्क्यांच्या जवळपास. परंतु झिजलेल्या मुलांचे प्रमाण देशात १९.३ टक्के, तर महाराष्ट्रात २५.६ टक्के होते. तुलनेने संपन्न राज्यात असे व्हावे, ही बाब सरासरी उत्पन्नावरून मुलांच्या प्रकृतीचा अंदाज बांधणाऱ्यांना विचारात पाडणारी आहे. शिवाय झीज ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात, जुने धान्य संपलेले आणि नवे शेतातच असताना, तेच मूल ‘मॅम’मधून ‘सॅम’मध्ये जाऊ शकते.

अंगणवाडीची कल्पना नाशिकच्या शेजारच्याच किनारपट्टीत आकारास आली. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी अंगणवाडी व कुरणशाळा यांचे प्रयोग केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, आणि ते गुरे राखायला जात असेल तर कुरणात, असा त्यामागील विचार होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. कुरणशाळेमागील विचार मात्र मागे राहिला, आणि द्राक्षबागेतील मुलाला आज नेमकी त्याचीच गरज आहे. आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण आणि मुलांना अंडी वा केळी दिली जातात. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते.

या योजनांचा भर आहारावर आहे आणि तो योग्यच आहे, पण पुरेसा नाही. जमैकातील किंग्स्टन येथे १९८० च्या दशकात खुज्या १२९ बालकांवर केलेल्या प्रयोगात काहींना पूरक आहार, काहींना आठवड्यातून एकदा घरी येऊन आईसोबत खेळ व गप्पा, काहींना दोन्ही देण्यात आले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळ व संवाद मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती. केवळ आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. अंगणवाडी मुळात मुलाच्या अंगणात गेलेली शाळा असूनही सेविकेचा दिवस आहारवाटप, मोबाईलवरील नोंदी आणि अहवाल यांत जातो, ही त्या दृष्टीने खटकणारी गोष्ट आहे.

सहा वर्षांनंतरच्या आदिवासी मुलांचा मोठा आधार आश्रमशाळा हा आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक येथेच असून जिल्ह्यात नाशिक व कळवण असे दोन एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प आहेत. आईवडील बागेत असताना मुलाला छप्पर, जेवण आणि वर्ग मिळतो; मात्र सहा-सात वर्षांच्या मुलाला घर, बोली आणि माणसे एकदम सोडावी लागतात, आणि घरी कोकणा किंवा वारली बोली बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठीही परकी वाटते. मुलींची गळती वयात येताना वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराच्या आत झालेला आढळला. शाळा सुटलेली मुलगी आईबरोबर टोळीत जाते, एक-दोन हंगामांत तिचे लग्न ठरते आणि स्वतःची वाढ पुरी होण्याआधीच ती गरोदर राहते.