गर्भाचे आठवडे आले कुठून?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'सात आठवडे' असं लिहिलेलं असतं, तेव्हा पोटातल्या भ्रूणाचं खरं वय साधारण पाच आठवडे असतं. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून, आणि गर्भ राहतो त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. पाळीची तारीख बाईला ठाऊक असते, गर्भ राहिल्याची सहसा कुणालाच नसते. म्हणून २८० दिवसांचा हिशोब पाळीवर बसला.

महिन्यांची वाटणी आपल्याकडे जुनीच. सुश्रुतसंहितेत पहिल्या महिन्यात कलल म्हणजे बुळबुळीत गोळा, तिसऱ्यात हात, पाय आणि डोक्याचे पाच कोंब, चौथ्यात हृदय व्यक्त, अशी मांडणी आहे. चौथ्यात गर्भारशीला दोन हृदयांची मानून तिच्या इच्छा पुरवायला सांगितलंय. डोहाळ्यांचं कौतुक इतकं मागे जातं. पाच कोंबांचं वर्णन थक्क करतं, पण वेळ जुळत नाही. गर्भ राहिल्यापासून मोजलं, तर हातांचे कोंब चौथ्या आठवड्यातच फुटतात, पायांचे त्यांच्या पाठोपाठ. आणि हृदय त्याही आधी, साधारण बाविसाव्या दिवशी, धडधडू लागलेलं असतं.

युरोपातही गोंधळ कमी नव्हता. १६९४ मध्ये हार्टसुकर या डच शास्त्रज्ञाने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं इवलंसं माणूस काढून दाखवलं. सस्तन प्राण्याचं स्त्रीबीज दिसायला १८२७ उजाडलं. फॉन बेअर या शास्त्रज्ञाला ते कुत्रीच्या अंडाशयात सापडलं.

मानवी भ्रूणाची नीट क्रमवारी लावायला घेतली जर्मनीतल्या लाइपझिगचे शरीररचनातज्ज्ञ विल्हेल्म हिस यांनी, १८८० च्या दशकात. त्यांचे शिष्य फ्रँकलिन मॉल यांनी १९१४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला कार्नेगी संस्थेचा भ्रूणशास्त्र विभाग उभारला. गर्भपात झाला किंवा गर्भाशय काढलं, की डॉक्टर नमुना तिकडे पाठवत. तिथे त्याचे पातळ काप करायचे, एकेक काप मोठा करून मेणाच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रे एकावर एक रचून अख्खं भ्रूण उभं करायचं. वय सांगणारं कुणी नसे, म्हणून मॉलनंतर आलेल्या स्ट्रीटर यांनी दिवसांचा आणि लांबीचा नाद सोडून अवयवांच्या घडणीवरून टप्पे पाडले. आजचे २३ 'कार्नेगी टप्पे' त्यातूनच आले. पहिल्या ५६ दिवसांत ते संपतात, तेव्हा भ्रूण जेमतेम तीन सेंटिमीटरचं असतं.

अगदी सुरुवातीचे दिवस मात्र रिकामेच होते. ते हर्टिग आणि रॉक या डॉक्टरांनी बोस्टनजवळ भरले. गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया ठरलेल्या बायकांना पाळीच्या आणि संबंधांच्या तारखा टिपून ठेवायला सांगत, आणि काढलेल्या गर्भाशयात काही दिवसांचं भ्रूण शोधत. १९३८ ते १९५० च्या दशकापर्यंत हाती लागली ३४. आज असा अभ्यास कुठलीही नैतिकता समिती मंजूर करेल असं वाटत नाही, पण पाठ्यपुस्तकांतला पहिला-दुसरा आठवडा बराचसा त्या ३४ वर उभा आहे.

जिवंत गर्भ दिसू लागला तो ग्लासगोत. तिथले डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये अल्ट्रासाउंडची चित्रं छापली, तर १९७३ मध्ये तिथल्याच रॉबिन्सन यांनी डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून वय काढून दाखवलं. रिपोर्टवरचं 'सीआरएल' ते हेच. गंमत म्हणजे, इतकं नेमकं माप मिळूनही मशीन ते पाळीच्या आठवड्यांतच सांगतं.