मधमाश्यांचे घर ठरायच्या आत

माघ सरता सरता नाशिकच्या शिवारात आंब्याचा मोहोर, शेवगा, काटेसावर आणि बियाण्याच्या कांद्याचे पांढरे गोंडे मागेपुढे फुललेले असतात. मकरंद आणि पराग भरपूर मिळू लागला की मधमाश्यांच्या वसाहती वाढतात आणि वाढल्या की फुटतात. मग एखाद्या दुपारी आवारातल्या झाडाच्या फांदीवर, फाटकाच्या कमानीवर किंवा उभ्या मोटारसायकलच्या हँडलवर हजारो माश्यांचा घोस येऊन बसतो. बघणारे घाबरतात. कुणी टेंभा पेटवतो, कुणी फवारणीचा पंप आणतो. त्या आगीत जळते ती एक राणी आणि तिच्याबरोबर घर सोडून निघालेली निम्मी किंवा त्याहून जास्त वसाहत. हाच घोस त्या दिवशी एखाद्या मधपेटीत राहायला गेला असता. म्हणून हे लिहितो आहे.

आधी माशी ओळखायला हवी, कारण सगळ्याच माश्या पेटीत राहत नाहीत. आग्या आकाराने मोठी, तिचे एकच प्रचंड पोळे उघड्यावर, उंच झाडाला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली लटकते. ऋतूप्रमाणे ती शेकडो किलोमीटरच्या टप्प्यात स्थलांतर करते आणि वाटेत काही दिवस झाडावर टेकते. तिच्या घोसाला हात लावू नये, दगड मारू नये, धूर करू नये. एका माशीने डंख मारला की तिथे जो वास सुटतो तो बाकीच्यांना हल्ल्याला बोलावतो. त्या वासातला मुख्य पदार्थ पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतो. टेकलेला थवा आपोआप पुढे जातो. फुलोरी अगदी लहान, तिचे तळहाताएवढे पोळे झुडपाच्या काडीला असते, आणि तीही बंद पेटीत नांदत नाही. पेटीत राहते ती सातेरी. झाडाच्या ढोलीत, वाड्याच्या भिंतीतल्या पोकळीत, अंधारात समांतर पोळी बांधणारी ही आपली देशी माशी. दुसरी पेटीतली माशी म्हणजे बाहेरून आणलेली मेलिफेरा. पुढचे सगळे या दोघींबद्दल आहे.

वसाहत फुटण्याची तयारी काही दिवस आधीपासून चालते. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी लांबट राणीघरे लोंबू लागतात. अंड्यापासून नवी राणी बाहेर यायला साधारण १६ दिवस लागतात, पण जुनी राणी तोवर थांबत नाही. राणीघरांची तोंडे मेणाने बंद झाली आणि हवा चांगली असली की ती निघते. त्याआधी कामकरी माश्या तिचा खुराक कमी करतात, तिला सतत हलवत राहतात. अंडी घालणे मंदावते, अंग हलके होते आणि ती उडण्याजोगी होते. बरोबर जाणाऱ्या माश्या पोटभर मध पिऊन घेतात. पोटात शिदोरी आणि राखायला ना पोळे ना पिल्ले, म्हणून ताजा घोस बहुधा शांत असतो. मात्र दोन-तीन दिवस फांदीवर काढलेल्या, उपाशी घोसाचा भरवसा धरू नये.

हा घोस फांदीवर बसून करतो काय? तो घर ठरवत असतो. हे प्रथम नीट पाहिले ते जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर यांनी, १९४९ साली म्युनिकमध्ये. ते कार्ल फॉन फ्रिश यांचे शिष्य. माशीच्या नाचाचा अर्थ फ्रिश यांनी लावला होता आणि त्यासाठी १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. घोसावर नाचणाऱ्या काही माश्या लिंडाउअर यांना मळकट दिसल्या. कुणाच्या अंगावर काजळी, कुणाच्या विटांची भुकटी. फुलावरून आलेली माशी अशी माखलेली नसते. युद्धाने पडझड झालेल्या त्या शहरात या माश्या धुरांडी आणि भिंतींच्या भगदाडांत जागा पाहून आल्या होत्या, आणि नाचून त्या जागांचा पत्ता सांगत होत्या.

पत्ता सांगायची रीत अशी: घोसाच्या पृष्ठभागावर, इतर माश्यांच्या पाठीवर, माशी पोट थरथरवत सरळ रेषेत चालते. ती रेष उभ्या दिशेपासून जितकी कललेली, तितक्याच कोनात सूर्याच्या दिशेपासून ती जागा. थरथर जितकी लांबते तितके अंतर जास्त. मेलिफेरामध्ये साधारण एक सेकंद म्हणजे एक किलोमीटर. सातेरीचा पल्ला छोटा, त्यामुळे तेवढ्याच अंतरासाठी तिची थरथर जास्त वेळ चालते.

जागा शोधणाऱ्या माश्या काही शे असतात आणि सुरुवातीला त्या वेगवेगळ्या जागांचा प्रचार करतात. जागा उत्तम असेल तर माशी पुन्हा पुन्हा नाचते, बेताची असेल तर लवकर थांबते. नाच पाहणारी माशी ऐकीव माहितीवर होकार देत नाही. ती स्वतः उडून जाते, आत फिरून पोकळी तपासते, आणि पटली तरच परत येऊन नाचते. अमेरिकेत थॉमस सीली यांनी हा निर्णय अनेक वर्षे अभ्यासला. २०१२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एका जागेच्या माश्या दुसऱ्या जागेसाठी नाचणाऱ्या माशीला डोक्याने ढुशी देऊन, बारीक आवाज करून थांबवतात. त्यामुळे दोन तुल्यबळ जागांतही वाद अडकून पडत नाही. एखाद्या जागेवर एका वेळी पुरेशा माश्या जमल्या की निर्णय पक्का होतो. मग शोधक माश्या घोसात शिरून बारीक शीळ घालतात, सगळ्या माश्या उडण्याचे स्नायू थरथरवून अंग ३५ अंशांपर्यंत तापवतात, आणि मिनिटाभरात फांदी मोकळी होते. राणीचा यात काही हुकूम चालत नाही. एवढा मोठा निर्णय कुणाही एकीच्या हाती न ठेवता इतका नेमका घेतला जातो, याचे मला दर वेळी नवल वाटते.

घोस पकडण्याचे सारे कसब या बैठकीभोवती फिरते. बैठक उरकायच्या आत पोहोचायचे, हे पहिले. तोंडावर जाळीचा बुरखा, अंगात फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि डंखाची ॲलर्जी असलेल्या माणसाने या कामापासून लांबच राहायचे. घोसावर पाण्याचा हलका फवारा मारला की माश्या आवळून बसतात. खाली पेटी किंवा टोपली धरून फांदीला एकच जोरदार झटका द्यायचा. फांदी हलवता येत नसेल तर घोसाच्या अगदी वर, टेकवून, टोपली उपडी धरायची आणि खालून किंचित धूर द्यायचा. माश्या अंधाराकडे, वर चढतात. घाई केली की घोस विस्कटतो.

राणी आत आली का, हे तिला न शोधताही कळते. पेटीच्या दाराशी काही माश्या पोटाचे टोक वर करून पंखांनी वारा घालू लागल्या म्हणजे त्या आपल्या ग्रंथीचा वास पसरवून मागे राहिलेल्यांना बोलावत आहेत. राणी आत आहे. सगळ्या पुन्हा फांदीकडे उडू लागल्या तर राणी तिथेच राहिली. त्या हाक मारणाऱ्या वासात सिट्राल नावाचे द्रव्य असते, आणि आपल्या परसातल्या गवती चहाच्या वासाचे मूळही सिट्रालच. म्हणून थवा यावा यासाठी लावून ठेवलेल्या रिकाम्या पेटीत गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब आणि थोडे जुने मेण चोळतात. ही पेटी सावलीत, उंचावर, लहान दाराची असावी.

घोस पेटीत शिरला म्हणून वाद मिटला असे मात्र नाही. शोधक माश्या बाहेरच असतात, त्यांच्या मनात अजून दुसरी जागा असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांना घेऊन जाऊ शकतात. म्हणून पेटी दिवेलागणीपर्यंत तिथेच ठेवायची, शेवटच्या माश्या आत आल्या की दार बंद करून त्याच रात्री कायमच्या जागी न्यायची. दुसऱ्या वसाहतीतली उघड्या अळ्या असलेली एक चौकट आत दिली तर माश्या सहसा पेटी सोडत नाहीत. पिल्लांना टाकून जाणे त्यांना जड जाते. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी द्यावा, दिवसा दिला तर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या येऊन लुटालूट करतात. थव्यातल्या माश्यांच्या मेणग्रंथी जोरात असतात, त्यामुळे पाक मिळाला की चौकटींवर पोळी झपाट्याने उतरतात.

एप्रिल-मेमध्ये दिसणारा सातेरीचा घोस वेगळा असू शकतो. फुले संपली, मेणकिडा किंवा मुंग्या शिरल्या, ऊन फार झाले की सातेरी सगळे पोळे टाकून पळून जाते. असा थवा उपाशी असतो. त्याला पेटीपेक्षाही आधी पाक, पाणी आणि सावली हवी.

निफाड, येवला, चांदवडकडच्या कांदा शेतकऱ्याला यात थेट हित आहे. कांद्याच्या एका फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाची पराग घेण्याची तयारी नंतर होते, त्यामुळे उळे, म्हणजे कांद्याचे बी, भरायला दुसऱ्या फुलाचा पराग आणणारे कीटक लागतातच. शिवाय कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, म्हणून माश्यांना तो फारसा आवडत नाही. शेजारी दुसरे काही फुलले असले तर त्या तिकडे वळतात. डेंगळे, म्हणजे कांद्याचे फुलांचे दांडे, फुलले असताना परिसरात वसाहती भरपूर हव्यात, त्या याचसाठी. त्या दिवसांत कीटकनाशक टाळावे; मारावेच लागले तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर.

थवा निघाला ती पेटी तुमचीच असेल तर तिकडेही लक्ष द्या. तिथे अनेक राणीघरे शिल्लक असतात आणि पहिली राणी बाहेर आली तरी दुसरा, तिसरा थवा फुटू शकतो, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान. चांगली दोन राणीघरे ठेवून बाकीची काढावीत. नवी राणी बाहेर आल्यावर आठवडाभरात नरांशी मिलनासाठी उडते आणि परतल्यावर काही दिवसांत अंडी घालू लागते. तोवर पेटी उघडू नये. साधारण तीन आठवड्यांनी पाहिले आणि पोळ्यातल्या घरांच्या तळाशी एकेक अंडे उभे दिसले, तर दोन्ही वसाहती मार्गी लागल्या. अंडी नसतील तर राणी वाटेत पक्ष्याच्या तोंडी गेली असे समजून वसाहतीला दुसऱ्या पेटीतली अंड्यांची चौकट लगेच द्यावी. त्यातूनच माश्या नवी राणी घडवतात.