ॲप कशात बनलंय, ते बोटाला कळतं

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये एक चोरकप्पा आहे. 'अबाउट फोन'मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. तिथलं 'शो लेआउट बाउंड्स' चालू करा आणि रोजची ॲप्स एकेक करून उघडा. बहुतेक ॲप्सवर रेघांचं जाळं दिसेल. प्रत्येक बटणाला, चित्राला, मजकुराच्या तुकड्याला आपापली चौकट. पण मध्येच एखादं ॲप असं निघतं की पडदा भरगच्च, आणि चौकट मात्र सगळ्याला मिळून एकच. अँड्रॉइडच्या लेखी त्या ॲपमध्ये बटणं नाहीतच. एक कोरा कॅनव्हास आहे आणि त्यावर कुणीतरी बटणांची चित्रं काढतंय.

असं ॲप बहुधा फ्लटर या गूगलच्या ॲप बनवायच्या साधनसंचात बनलेलं असतं, नाहीतर त्याच्या पोटात एक वेबपेज असतं. दोन्हींमागचं कारण एकच. आयफोनसाठी स्विफ्ट या भाषेत आणि अँड्रॉइडसाठी कॉटलिन या भाषेत लिहायचं म्हणजे तेच काम दोनदा करायचं. दोघांची ॲपची दुकानं २००८ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने उघडली आणि तेव्हापासून 'एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा' म्हणणारी फ्रेमवर्क, म्हणजे ॲप बनवायचे तयार सांगाडे, येत राहिली: फोनगॅप, झॅमरिन, २०१५ मध्ये फेसबुकचं रिॲक्ट नेटिव्ह, २०१८ च्या डिसेंबरात गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती. ही सोय सगळी बनवणाऱ्याची. वापरणाऱ्याला यातलं एकही नाव ठाऊक नसतं, असण्याचं कारणही नाही. तरी एखादं ॲप त्याला 'कसंतरीच' वाटतं आणि दोन दिवसांत तो ते काढून टाकतो. हे 'कसंतरीच' चक्क मोजता येतं.

वेबपेजवाल्या ॲप्सचं दुखणं सोपं होतं. मोबाइल ब्राउझर पहिल्या टॅपनंतर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबायचा, कारण दोनदा टॅप केलं तर झूम करायचं असे. दुसरा टॅप येतोय का, याची तो वाट पाहायचा. साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर मिळालं तर माणसाला ते 'लगेच' वाटतं. ही वाट त्याच्या तिप्पट. बटण दाबलं गेलं की नाही, या शंकेने माणूस पुन्हा दाबायचा आणि भलतंच काही उघडायचं. क्रोमने २०१४ मध्ये मोबाइलसाठी बनवलेल्या पानांवरची ही वाट काढून टाकली, आयफोननेही २०१६ मध्ये सोय केली, पण तोवर बदनामी होऊन गेली होती. खुद्द फेसबुकने २०१२ मध्ये आयफोनचं ॲप नव्याने, आयफोनच्याच साधनांनी लिहिलं, आणि एचटीएमएल-५ वर, म्हणजे वेबपेज लिहायच्या भाषेवर, नको इतकी भिस्त ठेवणं ही कंपनीची सर्वांत मोठी चूक होती, असं मार्क झकरबर्गने त्याच वर्षी जाहीरपणे कबूल केलं.

स्क्रोलचं प्रकरण जास्त नाजूक आहे. आयफोनवर यादीला बोटाने झटका देऊन बोट उचललं की यादी घसरत राहते. तिचा वेग दर मिलिसेकंदाला ०.९९८ ने गुणला जातो. आकडा किरकोळ वाटतो, पण त्या हिशेबाने सुमारे ३५० मिलिसेकंदांत वेग निम्म्यावर येतो आणि सेकंदभरात १४ टक्क्यांच्याही खाली. शेवटाला पोचलेली यादी रबरासारखी ताणली जाऊन परत येते. अँड्रॉइडचं घसरण्याचं गणित वेगळं आणि शेवटाचं वागणंही वेगळं. वर्षानुवर्षं रोज शेकडो वेळा झटके देऊन आपल्या बोटाने आपापल्या फोनचं गणित पाठ केलेलं असतं. कॅनव्हासवर स्वतः चित्र काढणाऱ्या फ्रेमवर्कला हे गणित हुबेहूब नकलावं लागतं. फ्लटर ही नक्कल बरीच छान करतं. पण नक्कल मुळाच्या मागेच असणार: २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ ने यादीच्या टोकाला चमक दाखवायचं सोडून ताण दाखवायला सुरुवात केली, तेव्हा अँड्रॉइडचीच यादी वापरणाऱ्या ॲप्सना तो आयता मिळाला. फ्लटरच्या ॲप्सना नव्या आवृत्तीत पुन्हा बांधून घेईपर्यंत थांबावं लागलं.

रिॲक्ट नेटिव्हची बटणं खरी असतात. त्याची अडचण निरोपांची होती. ॲपचं डोकं जावास्क्रिप्टमध्ये आणि हातपाय फोनच्या भाषेत. मधल्या 'ब्रिज'वरून निरोप मजकुराच्या रूपात बांधून पाठवायचा, पलीकडे सोडून वाचायचा. आता पडद्याचा हिशेब पाहा. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झच्या पडद्यावर जेमतेम ८.३. लांबलचक यादी जोरात सरकवली की निरोप तुंबायचे आणि क्षणभर पांढरी पट्टी दिसायची. २०२४ मध्ये आलेल्या ०.७६ आवृत्तीपासून हा ब्रिज टाळणारी नवी रचना आपोआप लागू होते. फ्लटरचा ब्रिज नसला तरी त्याचीही एक खोड होती. एखादं ॲनिमेशन पहिल्यांदाच चालताना ग्राफिक्स चिपसाठीचे छोटे प्रोग्रॅम ऐन वेळी तयार व्हायचे आणि पहिल्याच खेपेला पडदा अडखळायचा. पहिली छाप नेमकी तेव्हाच पडते! इम्पेलर हे नवं चित्रण-यंत्र त्यासाठीच आलं.

कॅनव्हासचा आणखी एक तोटा डोळस माणसाला दिसत नाही. पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक चित्र वाचत नाही. म्हणून फ्लटर 'इथे बटण आहे, त्याचं नाव अमुक' अशी वेगळी यादी त्याला पुरवतं. बनवणाऱ्याने स्वतःच्या हाताने रेखाटलेल्या बटणाला नाव द्यायचं राहिलं, तर अंध माणसासाठी तिथे काहीच नसतं. माझ्या मते बाकी सगळ्या तक्रारींपेक्षा ही गंभीर, आणि चर्चेत हिचा नंबर शेवटचा.

कंपन्यांची भीती निराळी: उद्या हे फ्रेमवर्कच बंद पडलं तर? ॲडोबीने २०२० मध्ये फोनगॅपमधून अंग काढून घेतलं, मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ ला झॅमरिनचा आधार संपवला. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडलं, कारण दोन कोडचं एक होण्याऐवजी सांभाळायला तीन झाले होते.

तरीही फॉर्म भरायचा, पावती पाहायची, एवढंच काम असलेल्या ॲपला यातलं फारसं काही बाधत नाही. तिथे दोनदा लिहिण्याचा हट्ट मला उधळपट्टी वाटते. गोची होते ती बनवणाऱ्याच्या टेबलावर. तिथला फोन नवाकोरा असतो, त्यावर १६.७ मिलिसेकंदांत सगळं आरामात बसतं. तेच ॲप पाच वर्षं वापरलेल्या, मेमरी भरलेल्या फोनवर कुणी चालवून पाहिलेलंच नसतं.

लेआउट बाउंड्स बंद करायला विसरू नका. नाहीतर उद्या घरात कुणीतरी विचारेल, फोनवर या रेघा कसल्या?