पिवळा गूळ चांगला, हे ठरवलं कुणी?

कोल्हापुरात गुळाचा सौदा निघाला की ढेपेच्या रंगावरून भाव ठरतो. पिवळाधमक गूळ वर जातो, काळपट मागे पडतो. गुऱ्हाळावर शब्द गूळ रांधणाऱ्या गुळव्याचा, सौद्यात व्यापाऱ्याचा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या नियमांना एक प्रश्न जरूर विचारावा: हे केलं नाही तर नेमकं काय बिघडतं? काही नियम या प्रश्नाने आणखी पक्के होतात, काही कोसळतात.

रसात चुन्याची निवळी का टाकायची? ताज्या उसाच्या रसाचा सामू (पीएच; 7 च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण 5.2 ते 5.4 असतो, म्हणजे रस आम्लधर्मी. तसाच उकळला तर आम्ल आणि आच मिळून सुक्रोज फोडतात, त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. या साखरा हवेतला ओलावा ओढतात. गूळ चिकट राहतो, ढेप नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. निवळीने सामू 6 ते 6.4 च्या आसपास आणला की ही फोड मंदावते आणि मळी, म्हणजे रसातली घाण, गोळा होऊन वर येते. नियम बरोबर आहे, गडबड होते ती अंदाजाने निवळी ओतण्यात. उसाची जात, जमीन, तोडीनंतर गेलेला वेळ यांप्रमाणे प्रत्येक आधणाचा, म्हणजे एका वेळी उकळायला घेतलेल्या रसाचा, सामू वेगळा. निवळी जास्त झाली तर तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज अल्कधर्मी रसात तुटून तपकिरी द्रव्यं तयार होतात, गूळ काळवंडतो. सामू दाखवणारी कागदी पट्टी रसात बुडवली की अंदाजाची गरजच उरत नाही.

काहिल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, कधी उतरवायची, हे गुळव्या थंड पाण्यात पाक टाकून, गोळी वळून ठरवतो. ही पारख शंभर टक्के शास्त्रीय आहे. पाकातलं पाणी जसं कमी होतं तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो आणि गोळीही टणक होत जाते, म्हणजे हात आणि तापमापी एकच गोष्ट मोजतात. काकवीला 105 ते 106 अंश सेल्सिअस, ढेपेच्या गुळाला 117-118, पावडरीला 120 ते 122. पावडरीच्याही पुढे आच वाढत गेली की पाक करपायला लागतो.

आता पिवळा रंग. तो हवा म्हणून रसात हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकतात. रंगीत द्रव्यांचं ते क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करतं आणि रंग उडतो. पण द्रव्यं गुळातच राहतात. हवेतला ऑक्सिजन लागला की त्यांचं पुन्हा ऑक्सिडीकरण होतं आणि सौद्यातली पिवळी ढेप साठवणीत गडद होते. शिवाय गुळात गंधकाचे अवशेष उरतात. अन्नसुरक्षा नियमांत गुळातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा 70 पीपीएम (दहा लाख भागांत 70 भाग) आहे. म्हणजे रंगाला दिलेला भाव थोड्या दिवसांच्या दिखाव्याला जातो, आणि हे चालू राहतं ते आपण ग्राहक रंगच मागतो म्हणून.

पण अलीकडे मोबाइलवर फिरणारा 'काळा गूळ म्हणजे सेंद्रिय' हा नियमही तितकाच कच्चा आहे. गूळ काळा होतो तो जादा निवळीने, करपल्याने, मळी नीट न काढल्याने, खारवट जमिनीतल्या उसाने, लोखंडी काहिलीतलं लोह रसातल्या फेनॉलांशी जुळल्यानेही. एक आंधळा नियम सोडून दुसरा धरायचा, तर प्रश्न विचारलाच कुठे?

गुऱ्हाळवाल्यांना खात्री करायची असेल तर एकाच फडातला, एकाच दिवशी तोडलेला ऊस घ्यावा. रस एकत्र करून दोन आधणं लावावीत: निवळी तेवढीच, उतरवायचं तापमान तेच, फरक फक्त हायड्रॉसचा. ऊस, तापमान आणि हायड्रॉस असं सगळंच एका दमात बदललं तर निकाल कशामुळे आला ते कळणार नाही. दोन्ही ढेपांचे तुकडे एकाच खोलीत, सारख्याच पिशव्यांत ठेवून दर आठवड्याला शेजारी शेजारी उजेडात बघावेत. एकटाच तुकडा बघून काही सिद्ध होत नाही, कारण दमट हवेत बिनहायड्रॉसचा गूळही थोडा गडद होतो.

घरी पाण्यात गूळ विरघळवला तर तळाला बसलेली माती किंवा खडूची भुकटी दिसेल, गंधक दिसणार नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. 'केमिकलविरहित' असं लेबल लावून कुणी जादा पैसे मागत असेल, तर त्या मालाचा तपासणी अहवाल आणि त्यातला सल्फर डायऑक्साइडचा आकडा जरूर मागावा.