उकळत्या पाण्यापासून दाबाच्या वाफेपर्यंत: दातांच्या दवाखान्यातील निर्जंतुकीकरणाची पार्श्वभूमी

साधारण १९९० च्या दशकापर्यंत सांगली-सातारा भागातील दातांच्या दवाखान्यात एका कोपऱ्यात स्टीलचा लांबट डबा हमखास दिसे. त्यात पाणी, पाण्यात जाळीच्या ट्रेवर दात काढण्याचे चिमटे, आरसे, सुया आणि काचेच्या सिरिंजा, आणि तळाशी विजेचे कॉइल अशी त्याची रचना असे. पाणी खळखळू लागले की मदतनीस लांब चिमट्याने अवजार उचलून डॉक्टरांच्या हाती देत असे. या डब्याला सगळे ‘स्टरलायझर’ म्हणत, आणि अडचण त्या नावातच होती. उकळत्या पाण्यात बहुतेक जीवाणू आणि विषाणू नष्ट होतात हे खरे. परंतु धनुर्वाताच्या जंतूसारखे काही जीवाणू कठीण कवचाच्या बीजाणूंच्या रूपात शंभर अंशांनाही तग धरतात. म्हणजे ज्याला निर्जंतुकीकरण म्हटले जात होते ते प्रत्यक्षात निर्जंतुकीकरण नव्हते, आणि पाण्याला आलेली उकळी डोळ्यांना दिसत असल्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही निश्चिंत राहत.

हे ज्ञान नवे नव्हते. व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली प्रसूतिकक्षातील डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली कार्बोलिक आम्लाचा वापर करून केलेल्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आणि पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ च्या सुमारास दाबाखालील वाफेचे यंत्र, म्हणजे आजचा ऑटोक्लेव्ह, तयार केला. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिरजेतील रुग्णालय १८९४ साली उभे राहिले, तेव्हा लिस्टर यांच्या लेखनाला सत्तावीस वर्षे होऊन गेली होती. शस्त्रक्रियेच्या जगात जंतूंविषयीची शिस्त त्या काळातच रुजू लागली होती. दंतवैद्यक मात्र या वाटेवर कित्येक दशके मागे राहिले.

त्यामागे एक युक्तिवाद होता आणि तो वरवर पटण्यासारखा होता. तोंडात मुळातच असंख्य जंतू असतात. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० साली मानवी मुखातील सूक्ष्मजीवांवर सविस्तर ग्रंथ लिहून हे दाखवून दिले होते. जी जागा स्वच्छ करताच येत नाही तिथे निर्जंतुक अवजाराचा हट्ट कशासाठी, असे मानले गेले. या विचारात एक मोठी गफलत आहे. रुग्णाला धोका असतो तो त्याच्या आधी त्याच खुर्चीवर बसून गेलेल्या माणसाच्या रक्तातील आणि लाळेतील जंतूंचा. स्वतःच्या तोंडातील जंतूंशी त्याच्या शरीराची बरीचशी ओळख झालेली असते. हा फरक ठळकपणे मांडला जाण्यास विसावे शतक अर्धे सरावे लागले.

आपल्याकडे तर प्रश्न याहूनही प्राथमिक होता. आठवडी बाजारात चादर पसरून दात काढून देणारे लोक खेड्यापाड्यांतील माणसाला डॉक्टरपेक्षा जवळचे होते, आणि त्यांच्या चिमट्याला दोन रुग्णांमध्ये फार तर फडक्याचा पुसा मिळे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी सक्तीची केली आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद स्थापन झाली. त्या कायद्याने पदवीधरांची नोंद ‘अ’ भागात आणि पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे याच व्यवसायावर पोट भरणाऱ्यांची नोंद ‘ब’ भागात करण्याची सोय ठेवली. तो व्यवहार्य तोडगा होता, कारण त्या काळी पदवीधर दंतवैद्य मोजकेच होते. मात्र त्यामुळे अवजारे कशी धुवावीत आणि कशी तापवावीत हे वर्गात न शिकलेली एक पिढी अधिकृतपणे व्यवसायात राहिली, हीही वस्तुस्थिती आहे.

हवा बदलली ती रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंमुळे. अमेरिकी संशोधक बारूख ब्लूमबर्ग यांना १९६० च्या दशकात रक्तात सापडलेला प्रतिजन (शरीर ज्याला परके म्हणून ओळखते असा पदार्थ) हा यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूचा भाग असल्याचे पुढे सिद्ध झाले, आणि १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकू शकतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता हिपॅटायटिस बीसाठी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सीसाठी २ ते ३ टक्के आणि एचआयव्हीसाठी ०.३ टक्के मानली जाते. भीती मात्र नेमक्या उलट्या क्रमाने पसरली. हिपॅटायटिस बीची लस १९८० च्या दशकाच्या आरंभी आली, हैदराबादच्या शांता बायोटेकने १९९७ साली स्वस्त देशी लस बाजारात आणली, तरी दवाखान्यांना खडबडून जागे केले ते एचआयव्हीने.

भारतात एचआयव्हीचे निदान प्रथम १९८६ साली झाले. १९९० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील एका दंतवैद्याकडून त्याच्या रुग्णाला हा संसर्ग झाल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि पुढील तपासात त्याच दवाखान्यातील एकूण सहा रुग्णांचा संबंध तेथील विषाणूशी जुळला. संसर्ग नेमका कोणत्या मार्गाने झाला हे शेवटपर्यंत निश्चित झाले नाही. सांगली जिल्ह्यात तो काळ वेगळ्या अर्थानेही कठीण होता. महामार्गांवरील वाहतूक, मुंबईत कामाला जाणारे पुरुष आणि मागे राहणारी कुटुंबे यांमुळे हा जिल्हा राज्यातील अधिक प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत गणला गेला. १९९२ साली येथे सुरू झालेल्या ‘संग्राम’ या संस्थेचे कामही त्याच परिस्थितीतून उभे राहिले. बाधित माणसाला दाढ काढून घेण्यासाठी दवाखाने हिंडावे लागत. कुठे अवजार नाही असे सांगितले जाई, कुठे दिवसाचा शेवटचा नंबर दिला जाई, तर कुठे त्याच्यासाठी वेगळा चिमटा ठेवला जाई.

येथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेणे मला फार आवश्यक वाटते, कारण संसर्ग नियंत्रणाच्या इतिहासातील सर्वांत मानवी वळण हेच आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘सार्वत्रिक दक्षता’ हे तत्त्व मांडले, आणि १९८६ साली दंतचिकित्सेसाठी स्वतंत्र शिफारशी प्रसिद्ध केल्या. प्रत्येक रुग्णाचे रक्त आणि रक्तमिश्रित लाळ संसर्गजन्य आहे असे धरून चालावे, हातमोजे, मास्क आणि चष्मा प्रत्येक वेळी वापरावा, आणि अवजार प्रत्येकासाठी त्याच काटेकोरपणे निर्जंतुक करावे, असे ते तत्त्व आहे. ते पाळले की रुग्णाचा आजार माहीत असण्याची गरजच उरत नाही. ज्याला आजार आहे त्याला बाहेर काढण्याचे कारण संपते, आणि ज्याला आपला आजार ठाऊकच नाही त्याच्यापासूनही इतर सुरक्षित राहतात. ‘एचआयव्हीवाल्यांसाठी वेगळा सेट’ ठेवणारा दवाखाना म्हणजे उरलेला सेट पुरेसा निर्जंतुक नाही अशी कबुली देणारा दवाखाना होता. बाधितांना उपचार नाकारण्यास मनाई करणारा आणि कर्मचाऱ्यांसाठी सार्वत्रिक दक्षतेची साधने पुरवण्यास बांधील करणारा कायदा संसदेने २०१७ साली संमत केला व तो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला.

तत्त्व मान्य झाले तरी ते पाळण्यासाठी यंत्र लागते, आणि यंत्राला वीज व पाणी लागते. ऑटोक्लेव्हचे तत्त्व घरच्या कुकरचेच आहे: चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब दिला की वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि अवजारे त्यात १५ ते ३० मिनिटे राहिली की बीजाणूही मरतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. मधेच वीज गेलेले आवर्तन पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, आणि घरगुती इन्व्हर्टरवर ऑटोक्लेव्हचे हीटर चालत नाही. त्यामुळे गॅसवर ठेवण्याचा उभा ऑटोक्लेव्ह तालुक्याच्या गावी बरीच वर्षे टिकून राहिला, आणि त्याबद्दल त्या डॉक्टरांना नावे ठेवण्याचे कारण नाही. नीट वापरला तर तोही आपले काम चोख करतो. खरे नुकसान झाले ते सोप्या पर्यायांमुळे. ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या द्रावात निर्जंतुकीकरणासाठी अवजार दहा तास बुडवून ठेवावे लागते, ते दोन रुग्णांच्या मध्ये वीस मिनिटांत काढले जाई. निळ्या प्रकाशाची यूव्ही पेटी ही निर्जंतुक केलेली अवजारे साठवण्यासाठी असते, तीच निर्जंतुकीकरणाचे यंत्र म्हणून रुग्णाला दाखवली जाई.

आपल्या भूगोलाचाही यात एक वाटा आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत बोअरचे पाणी जड असते. ते ऑटोक्लेव्हमध्ये घातले तर काही आठवड्यांतच कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी विकत आणावे लागते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचावर असल्याने तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणजे जुना उकळता डबा तिथे आणखीच दुबळा ठरत असे. ऑटोक्लेव्हचा काटा १५ पौंड दाखवत असला तरी बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्यामुळे आतील तापमान १२१ अंशांपेक्षा दोन-तीन अंश कमी भरते. अशा ठिकाणी दाबाऐवजी तापमानाकडे पाहावे लागते. सपाटीवर शिकून डोंगरावर दवाखाना थाटणाऱ्याच्या हे सहज लक्षात येत नाही.

चिमटे-आरशांचा प्रश्न सुटला, तरी हँडपीसचा, म्हणजे दात कोरण्याच्या हातातील यंत्राचा, प्रश्न सुटायला आणखी वेळ लागला. जॉन बोर्डन यांनी १९५७ साली हवेच्या झोतावर मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेणारे यंत्र आणले आणि दात कोरण्याच्या वेदना पुष्कळ कमी झाल्या. पण ते थांबताना निर्माण होणाऱ्या उलट ओढीमुळे लाळ आणि रक्त आतल्या नळ्यांत शिरते, आणि बाहेरून स्पिरिटने पुसल्याने आतला भाग स्वच्छ होत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे दाखवल्यावर पुढच्या वर्षीच्या अमेरिकी शिफारशींत प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस उष्णतेनेच निर्जंतुक करावा असे स्पष्ट लिहिले गेले. जुने हँडपीस वाफेत खराब होत, आणि दिवसाला वीस रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरकडे दोनच हँडपीस असतील तर नियम कागदावरच राहतो. पोकळ नळीतील हवा आधी ओढून घेऊन मग वाफ सोडणारा ‘बी’ वर्गाचा ऑटोक्लेव्ह आपल्या जिल्ह्यांत दिसू लागला तो अलीकडे.

सुईची गोष्ट यापेक्षा साधी आहे, पण दुर्लक्षिण्याजोगी नाही. भूल देण्यासाठी लिग्नोकेनची ३० मिलीची बाटली अनेक रुग्णांसाठी वापरली जाते. सिरिंज नवी असली, तरी त्याच रुग्णाला आणखी भूल हवी म्हणून वापरलेली सुई पुन्हा बाटलीत घातली की पुढच्या सगळ्यांचा धोका तिथे सुरू होतो. सुया-सिरिंजांच्या पुनर्वापराने काय होते ते २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे हिपॅटायटिस बीच्या साथीने दाखवले आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली आले, तेव्हा महिन्याला हजारपेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यांना परवानगी घेण्यातून सूट होती. २०१६ च्या नियमांनी ती सूट काढून घेतली आणि कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस देणे बंधनकारक केले. ही दुसरी तरतूद मला अधिक मोलाची वाटते, कारण अवजारे धुणारी मावशी किंवा मदतनीस मुलगा हाच दवाखान्यातील सर्वाधिक सुया टोचून घेणारा माणूस असतो आणि लस टोचून घ्यायला त्यालाच सर्वात शेवटी सांगितले जाते.

मार्च २०२० मध्ये इस्लामपूर येथे एका कुटुंबापासून कोरोनाची साखळी सुरू झाली आणि जिल्ह्यातील दातांचे दवाखाने अचानक बंद पडले. मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतचिकित्सेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हँडपीसमधून उडणाऱ्या तुषारांची चर्चा तेव्हा घरोघरी पोहोचली. पीपीई किट गेले, जोरकस सक्शन आणि उपचारापूर्वी गुळण्या करायला लावण्याची सवय बऱ्याच ठिकाणी राहिली.

एवढे होऊनही खुर्चीला जोडलेल्या बारीक नळ्यांतील पाण्याचा प्रश्न जवळपास अस्पर्श राहिला आहे. त्या नळ्यांच्या आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर जमतो, हे ब्रिटनमधील जी. सी. ब्लेक यांनी केलेल्या कामातून १९६३ पासून पुढे येत गेले. उपचाराच्या पाण्यात मिलिलिटरमागे ५०० पेक्षा जास्त जंतू नसावेत, असे अमेरिकी मार्गदर्शन सांगते. इटलीत २०११ साली एका वृद्ध महिलेचा मृत्यू दातांच्या दवाखान्यातील पाण्यातून आलेल्या लीजिओनेला जंतूमुळे झाला, आणि २०१६ साली कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे दुधाच्या दातांवर उपचार घेतलेल्या अनेक मुलांना जबड्यांचे गंभीर संसर्ग झाले. आपल्याकडे या पाण्याचा स्रोत कधी नळ, कधी टँकर, कधी बोअर असतो. खुर्चीला स्वतंत्र बाटली जोडून तीत स्वच्छ पाणी भरणे, रात्री ती रिकामी व कोरडी करून ठेवणे, सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी नळ्यांतून दोन मिनिटे पाणी सोडणे आणि ठरावीक मुदतीने जंतुनाशक फिरवणे, एवढ्यानेही या थराला बराच आळा बसतो; त्याला ऑटोक्लेव्हसारखी वीज लागत नाही आणि मोठा खर्चही येत नाही.